बऱ्हाणपूरचे दोन दिवस आणि प्रवासवर्णनाचा प्रश्न

मराठीत प्रवासवर्णनाचा विचार झाला तेव्हा तो बहुधा दोन मापांनी झाला. पहिले माप अंतराचे: लेखक किती दूर गेला, समुद्र ओलांडला की हिमालय चढला. दुसरे माप तयारीचे: जाण्यापूर्वी त्याने किती वाचले, तिथली भाषा शिकला का, किती महिने राहिला. या दोन्ही मापांत न बसणारा एक प्रवास आहे आणि आज तोच सर्वांत जास्त घडतो. शुक्रवारी संध्याकाळी चार मित्र जमतात, कोणीतरी एका शहराचे नाव काढते, रात्रीच्या गाडीने मंडळी निघतात आणि सोमवारी सकाळी आपापल्या कामावर हजर होतात. याला आपण 'सहल' म्हणतो आणि साहित्यविचाराच्या वेशीबाहेर बसवतो. आमच्या मते हा निवाडा घाईचा आहे. त्याने प्रवासवर्णनाचे नुकसान झाले आहेच. त्याहून अधिक नुकसान, आपल्यापासून एका रात्रीच्या अंतरावर असलेल्या शहरांविषयीच्या आपल्या समजुतीचे झाले आहे.

तयारीचे माप चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. पु. ल. देशपांडे पन्नाशीत शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकले म्हणून 'वंगचित्रे' (१९७४) लिहिले गेले. तिथे भाषेने केलेले काम घाईच्या पाहुण्याला साधणार नाही. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकामागेही पाहण्याची एक निश्चित वैचारिक दिशा होती. पण आपल्या प्रवासलेखनाच्या उगमाशी जे पुस्तक उभे आहे त्याचे काय? वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली निघाले ते बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार या वार्तेवरून, दक्षिणेच्या आशेने. बंड पाहावे हा त्यांचा हेतू नव्हता आणि उत्तर हिंदुस्थानाचा अभ्यासही नव्हता. 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आले आणि आज ते आपण इतिहासाचे साधन म्हणून व उत्तम गद्य म्हणून, असे दोन्ही अंगांनी वाचतो. तयारी नसलेला माणूस प्रामाणिक असेल तर काय घडू शकते याचे हे पहिले मराठी उदाहरण. गोडसे भटजींचा प्रवास दीर्घ आणि जिवावरचा होता, आमच्यासारख्यांचा दोन दिवसांचा आणि सुरक्षित. ही तुलना योग्यतेची नाही. मुद्दा एवढाच, की न ठरवता जाणे हा साहित्यातला दोष मानायचे कारण नाही.

हे सारे सुचायला निमित्त झाले ते बऱ्हाणपूरचे. आम्ही राहतो कॉटन ग्रीनला. अलीकडच्या एका शुक्रवारी आम्ही चार मित्र, दोघे शिकवणारे, एक बँकेतला आणि एक छपाईच्या धंद्यातला, स्टेशनबाहेर चहा पीत उभे असताना कुठेतरी जाऊ या असा विषय निघाला. नाशिक, कोल्हापूर, महाबळेश्वर ही नेहमीची नावे आली आणि गेली. मग ठरले, की चौघांपैकी कोणीही कधी न उतरलेल्या आणि रात्रीच्या गाडीने पहाटेपर्यंत गाठता येईल अशाच गावी जायचे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर भुसावळच्या पुढे बोट सरकले आणि बऱ्हाणपूरवर थांबले. कॉटन ग्रीनहून पाचवे स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथून पंजाब मेल, जनरलचा डबा, नाशिकपर्यंत उभ्याने. सुमारे पाचशे किलोमीटर.

गाडीत वेळ घालवायला आम्ही एकमेकांना एक प्रश्न विचारला: या शहराबद्दल आपल्याला आधीच काय माहीत आहे? चौघांचे मिळून उत्तर तीन ओळींचे झाले. एक, १६८१च्या आरंभी, राज्याभिषेक होतो न होतो तोच, छत्रपती संभाजीमहाराजांच्या फौजांनी हंबीरराव मोहित्यांसह बऱ्हाणपूर लुटले. दोन, शाहजहानची मुमताज तिथे वारली. तीन, रमजानच्या दिवसांत महंमद अली रोडवर जी काळसर, जाड मावा जिलेबी मिळते ती बऱ्हाणपुरी. साहित्य शिकवणारे दोघे त्यात असूनही यापलीकडे चौथी ओळ निघाली नाही. म्हणजे शहर आम्हाला अनोळखी होते असे सरळ म्हणता येत नाही. ते ओळखीचे होते, पण एका लढाईपुरते, एका मृत्यूपुरते आणि एका पदार्थापुरते. 'अनोळखी शहर' हा शब्दप्रयोग आपण ज्यांच्याबाबत करतो ती बहुतेक शहरे अशीच असतात. त्यांच्याविषयी आपल्याजवळ माहितीचा अभाव नसतो; आपल्याच गोष्टीतले एक वाक्य असते आणि त्या वाक्यावर आपले भागलेले असते.

आता कॉटन ग्रीन या नावाबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढचा विचार त्यावर उभा आहे. 'ग्रीन' म्हणजे रंग नव्हे, मैदान. मुंबईच्या किल्ल्यात सेंट थॉमस चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत पूर्वी कापसाच्या गाठी रचल्या जात. १८४४ साली हा बाजार कुलाब्याला हलला आणि १९२०च्या दशकात तिथून शिवडीकडे, पोर्ट ट्रस्टने भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर आला. बाजाराबरोबर नावही चालत आले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची गाडी हार्बर मार्गावर सुरू झाली, त्याच सुमाराची ही वस्ती. गोदामे, कापूस बाजाराची इमारत, पलीकडे काळाचौकी, घोडपदेव, लालबाग आणि त्यांतल्या गिरण्या. इथे आलेला कापूस मुंबईत पिकत नव्हता. तो वऱ्हाडातून, खानदेशातून, गुजरातेतून येई. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच दशकात लोहमार्ग थळ घाट चढून भुसावळपर्यंत आणि पुढे खांडव्यापर्यंत गेला. १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता जोडली गेली. बऱ्हाणपूर या मार्गावर आहे. आम्ही ज्या रुळांवरून निघालो होतो त्यांवरून उलट दिशेने दीडशे वर्षांपूर्वी गाठी येत होत्या. आमच्या वस्तीचे नाव आणि आमच्या वस्तीचे पोट दोन्ही त्या बाजूकडून आलेले असताना आम्हाला त्या बाजूचे एक वाक्य ठाऊक होते, आणि ते लुटीचे होते.

पहाटे तीनच्या सुमारास गाडी बऱ्हाणपूरला लागली. स्टेशन मूळ शहरापासून काही अंतरावर आहे आणि त्या भागाचे नाव लालबाग. रिक्षावाल्याने 'लालबागेतच थांबायचे की शहरात?' असे विचारले तेव्हा आमच्यातला एक जण हसला. पण उजाडल्यावर हसू मावळले, कारण त्या लालबागेत एक कापड गिरणी उभी होती. बऱ्हाणपूर ताप्ती मिल, स्थापना १९०६. ती पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, जशा परळ-लालबागच्या कित्येक गेल्या. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या गिरण्या थांबल्या. परळची टाटा मिल थांबली तशीच ही थांबली आणि पुढे वर्षे उलटली तरी थांबूनच राहिली. फाटकासमोरच्या टपरीवर एक वयस्क गृहस्थ बसले होते, तिथेच आयुष्य काढलेले. आम्ही हिंदीत विचारले, त्यांनी मराठीत उत्तर दिले.

'मुंबईत कुठले तुम्ही?'

'कॉटन ग्रीनचे, काका.'

'कॉटन म्हणजे आपला कापूसच ना? येतो का अजून तिथं?'

'नाही येत आता.'

'मग नावच राहिलं म्हणा. आमच्याकडं मिल राहिली, भोंगा गेला.'

या संवादाचा आम्ही फार अर्थ काढू इच्छित नाही. पण गिरणगावाच्या साहित्याविषयी आपण जे बोलतो-लिहितो त्याला तो एक प्रश्न विचारतो. नारायण सुर्वे, अण्णाभाऊ साठे, बाबुराव बागूल यांच्यापासून जयंत पवारांच्या 'अधांतर'पर्यंत गिरणगावाने मराठीला जे दिले ते मोठे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप हा त्या साहित्याचा मध्यबिंदू झाला. मात्र आपण शिकवतो तेव्हा गिरणगाव हे जगात एकटेच गिरणगाव असल्यासारखे शिकवतो. कापूस कुठून आला, मजूर कुठून आले, तशीच गिरणी आणखी कुठे उभी राहिली आणि तिथल्या माणसांचे काय झाले, हे प्रश्न अभ्यासक्रमाच्या बाहेर राहतात. रेल्वेच्या एका रात्रीवर दुसरी लालबाग आहे आणि तिथे दुसरी बंद गिरणी आहे, हे कळायला आम्हाला हुकूमी वेळापत्रक नसलेला एक शनिवार लागला.

शहरात शिरल्यावर दुसरी गोष्ट कळली ती 'खानदेश' या शब्दाची. फारुकी घराण्याने सुमारे चौदाव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसवले आणि त्याला नाव दिले सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे. हे संत कुठे विसावले आहेत? आपल्या खुलताबादला, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. तापीच्या पलीकडच्या तीरावरचे जैनाबाद ज्यांच्या नावाने आहे ते जैनुद्दीन शिराजीही खुलताबादचेच. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला, तोपर्यंत बऱ्हाणपूर ही खानदेशच्या सुलतानांची राजधानी होती. आज आपण खानदेश म्हणतो तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार डोळ्यांसमोर आणतो. खानदेशची राजधानी मात्र आपल्या खानदेशाच्या बाहेर राहिली आहे! भुसावळहून ती जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड आणि नागपूर मुंबई राज्यात आले, निमाड मध्य प्रदेशात राहिला. एक रेघ पडली आणि रेघेपलीकडचे शहर आपल्या नकाशांतून, क्रमिक पुस्तकांतून आणि हळूहळू कल्पनेतूनही वजा झाले. बहिणाबाईंचे आसोदे आणि नेमाड्यांचे सांगवी याच मुलखातले. पण मराठी कादंबरीतला खानदेशी मुलगा शिकायला निघतो तो पुण्याला, पोटासाठी निघतो तो मुंबईला. त्याच्या जुन्या राजधानीची वाट तेवढी मराठी गद्यात सहसा कोणी चालत नाही.

जामा मशिदीत आम्ही शनिवारी दुपारी गेलो. राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली. आत अरबी लेखाच्या सोबतीला संस्कृत शिलालेख आहे, शके १५११ चा, देवनागरीत. सृष्टिकर्त्याला नमन करून तो राजवंश सांगतो आणि बांधणीची तिथी हिंदू पंचांगाप्रमाणे देतो. तिथे असलेल्या एका तरुणाने तो दाखवला आणि म्हणाला, 'तुम्ही वाचून सांगा, आम्हाला अक्षरे येतात, भाषा येत नाही.' संस्कृत शिकवणारा मित्र वाचू लागला. अक्षरांची वळणे जुनी होती, सगळे लागले नाही, जेवढे लागले तेवढे त्याने सांगितले. आम्ही पाहुणे आणि तो यजमान, तरी त्या घटकेला वाचणारा पाहुणा होता. या गोष्टीवरून सलोख्याचे प्रवचन करण्याचा मोह होतो. तो आम्ही टाळतो. सोळाव्या शतकातल्या सुलतानाला आपल्या मशिदीत संस्कृत लेख कोरावासा वाटला, त्याची कारणे राजकीय असतील, व्यापारी असतील, श्रद्धेचीही असतील. ती शोधणे इतिहासकारांचे काम. आमच्यापुरते इतकेच, की आमच्याजवळच्या तीन ओळींत हा शिलालेख कुठेच बसत नव्हता.

आता त्या पहिल्या ओळीकडे. १६८१ची मोहीम नाकारण्याचा किंवा तिचा न्यायनिवाडा करण्याचा येथे प्रश्न नाही. बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे आणि संपत्तीचे ठाणे होते. त्यावर घाव घालण्यामागे जो हिशेब होता तो सुरतेच्या १६६४ आणि १६७० च्या मोहिमांमागेही होता. खाफीखानाने शहराबाहेरच्या बहादूरपुऱ्यावर पडलेल्या धाडीचे वर्णन केले आहे, आणि त्यानंतर शहरातील प्रमुख लोकांनी औरंगजेबाकडे कशी निर्वाणीची तक्रार केली तेही लिहिले आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस बादशहा स्वतः बऱ्हाणपुरास आला. हा आपल्या इतिहासाचा भाग आहे आणि तो शिकवला जावा. प्रश्न आहे तो त्या प्रसंगानंतरच्या विरामाचा. आपल्या कथनात बऱ्हाणपूर लुटले जाते आणि तिथेच संपते. १७६० च्या उदगीरच्या विजयानंतर हेच शहर असीरगडासह मराठ्यांच्या हाती आले, म्हणजे पुढे काही काळ ते आपणच सांभाळत होतो, ही गोष्टसुद्धा त्या विरामात हरवते.

या विरामाचे फळ काय, ते २०२५ साली दिसले. शिवाजी सावंतांच्या 'छावा' (१९७९) या कादंबरीवर आधारलेला हिंदी चित्रपट त्या फेब्रुवारीत आला. त्याचा आरंभ बऱ्हाणपूरवरच्या हल्ल्याने होतो. मार्चमध्ये असीरगडाच्या परिसरातील शेतांत लोक रात्री विजेऱ्या घेऊन मोगली नाणी शोधायला माती खणू लागले. वृत्तपत्रांतून छायाचित्रे आली. आपण इकडे हसलो. परंतु यात हसण्यासारखे फार नाही. बाहेरच्यांनी शहराची एकच गोष्ट इतक्या जोरात सांगितली, की खुद्द शहराजवळच्या माणसांनाही क्षणभर आपल्या जमिनीत तीच एक गोष्ट पुरलेली दिसली. असीरगडाची दुसरी गोष्ट आपल्याकडे घरोघर माहीत आहे: अश्वत्थामा अजून तिथे वावरतो आणि गडावरच्या महादेवाला पहाटे फूल वाहतो. जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या सातपुड्यातल्या लोककथांतही आहे. म्हणजे गडाची कथा डोंगर उतरून आपल्यापर्यंत आलेली होतीच. आपण तिचा गाव विचारला नव्हता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. दोन दिवसांत शहर कळते काय? घाईचा पाहुणा चार वास्तू पाहतो, दोन माणसांशी बोलतो आणि घरी येऊन निष्कर्ष लिहितो. त्याला ज्यांनी माहिती दिली ते बहुधा माहिती देण्याचाच व्यवसाय करणारे असतात. शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावर सुंदर चित्रकाम आहे. त्यातली एक आकृती दाखवून, ताजमहालाची कल्पना इथूनच निघाली, असे तिथे सांगतात. पाहुणा ते खरे मानून लिहितो आणि पुढचा पाहुणा त्याचे वाचून येतो. अशा लेखनाने शहराचे अज्ञान कमी होत नाही, फक्त सजते.

हे मान्य करूनही आम्ही दुसरी बाजू मांडू. बऱ्हाणपूरच्या सतराव्या शतकाविषयी आज आपल्याला जे कळते, त्यातले बरेचसे वाटेवरच्या पाहुण्यांनी लिहून ठेवले आहे. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये अजमेरच्या वाटेवर इथे आला आणि राजपुत्र परवीझला भेटला. राजपुत्राचा वाडा आणि मोजक्या बड्या मंडळींची घरे सोडली तर शहर मातीच्या घरांचे आहे, असे त्याने नोंदवले. पीटर मंडी सुरतेहून आग्र्याला जाताना १६३० साली या वाटेने आला तेव्हा भीषण दुष्काळ होता. त्याने वाटेवरची प्रेते पाहिली आणि ती लिहिली. तावेर्निए इथून जाताना इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरोपर्यंत कसे जाते ते सांगून गेला. यांच्यापैकी कोणीही या शहराचा अभ्यास करायला आलेला नव्हता. आपापल्या कामाला जाताना मध्ये लागलेल्या गावी जे दिसले ते त्यांनी टिपले. त्यांचे पूर्वग्रह त्यांच्या निष्कर्षांत शिरले. त्यांच्या पाहण्यात ते त्या मानाने कमी आहेत. मातीची घरे, प्रेते, कापडाच्या बाजारपेठा या नोंदी आजही कामाच्या आहेत. या प्रवाशांनी पूर्वेविषयी केलेली विधाने मात्र बव्हंशी त्यांच्या देशातल्या वाचकाची सोय पाहणारी आहेत.

यातूनच दोन दिवसांच्या लेखनाची शिस्त निघते असे आम्हाला वाटते. पहिली गोष्ट, पाहिलेले आणि सांगितलेले वेगळे ठेवावे. हमामाच्या छतावर एक आकृती आहे हे पाहिलेले. ताजमहालाचा उगम हे सांगितलेले. दोन्ही लिहावे, कारण लोक स्वतःच्या शहराविषयी काय सांगतात हेही शहरच आहे, पण सरमिसळ करू नये. दुसरी गोष्ट, जाण्यापूर्वी आपल्याजवळ काय होते ते आधी मांडावे. त्या तीन ओळी वाचकासमोर ठेवल्या, की पुढे काय बदलले ते त्याला स्वतःला पाहता येते. तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट, शहर पूर्ण करू नये. 'बऱ्हाणपूर म्हणजे अमुक' असे वाक्य लेखणीच्या टोकाशी आले तर ते तिथेच थांबवावे.

या तिसऱ्या गोष्टीचे एक उदाहरण त्याच शहराने दिले. जहांगीरच्या काळात, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना, १६१५ साली तबकतुल अर्ज या इराणी जाणकाराने इथे 'कुंडी भंडारा' ही पाणीयोजना उभारली. सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवायचे आणि उताराच्या बळावर शहरात आणायचे. वाटेत ठरावीक अंतरावर वर उघडणाऱ्या शंभराहून अधिक विहिरी, म्हणजेच कुंड्या. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही जात ओळखू येईल. वर शेत आहे, रस्ता आहे, मधूनच एक गोल कठडा आहे. कठड्यातून वाकले की खोलवर काळोखात पाणी वाहताना दिसते, पुन्हा दोनशे पावले काहीच नाही, मग दुसरा कठडा. आमचे पाहणे असेच होते, कठड्यापुरते. त्यावरून प्रवाह आहे एवढे निश्चित सांगता येते. तो कुठून कसा वळतो हे सांगायला खाली उतरावे लागते, आणि ते काम अभ्यासकाचे. पण कठड्याशी कोणी वाकलेच नाही तर खाली उतरण्याची इच्छा तरी कुणाला होणार?

मराठीत या छोट्या प्रवासाला आज दोन रूपे मिळाली आहेत आणि दोन्ही आम्हाला अपुरी वाटतात. एक रूप फजितीचे. गाडी चुकली, हॉटेलात पाणी नव्हते, मित्राचा चष्मा हरवला, हिंदी बोलताना घोटाळा झाला. शहर या गमतीच्या मागे पडद्यासारखे टांगलेले. पु. लं.नी हा प्रकार ज्या उंचीवर नेला तिथे तो माणसांविषयीच्या ममत्वाने भरलेला होता. अनुकरणात ममत्व गळाले आणि फजिती उरली. दुसरे रूप यादीचे. काय पाहावे, काय खावे, कुठे राहावे. त्या यादीत मावा जिलेबी आणि दराबा असतो, मुमताजचे आहूखाना असते, पण गल्लीगल्लीतून दिवसभर खडखडणारे यंत्रमाग नसतात. वस्तुतः बऱ्हाणपुरात शिरताच पहिल्यांदा कानावर येतो तो हाच आवाज. सतराव्या शतकात जगभर जाणारे कापड विणणारे शहर आजही विणतेच आहे, हे पाहायला तिकीट लागत नाही, म्हणूनच बहुधा ते यादीत नसावे. आहूखान्याबद्दलही तेच. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या अपत्याच्या जन्मवेळी मुमताज वारली आणि तिला तापीपलीकडे पुरले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शव आग्र्याला हलवले. यादी तिथे ताजमहालाच्या आधीचे पान शोधते. तिथे उभे राहिल्यावर आमच्या मनात आले ते वेगळे: शहरात मृत्यू राहिला, स्मारक दुसरीकडे गेले. कापूसही असाच इथून जात राहिला आणि त्याची इमारत आमच्याकडे उभी राहिली.

हा विषय येथील वाचकांपुढे, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांपुढे, मांडण्याचे कारण व्यावहारिक आहे. आमच्या विभागांतून प्रवासवर्णन हा प्रकार शिकवला जातो तो व्याख्या, लक्षणे आणि प्रमुख लेखक अशा क्रमाने. विद्यार्थी उत्तरे लिहितात, प्रवास लिहीत नाहीत. परदेशी जाण्याची ऐपत आणि शांतिनिकेतनात राहण्याची सवड त्यांना नाही, म्हणून हा प्रकार त्यांच्यासाठी कायमचा परका राहतो. त्याऐवजी प्रत्येकाला एका रात्रीच्या अंतरावरचे, रेघेपलीकडचे शहर द्यावे: बऱ्हाणपूर, बिदर, गुलबर्गा म्हणजे आताचे कलबुर्गी, आदिलाबाद, नवसारी. आधी त्याच्याजवळ असलेल्या ओळी लिहून घ्याव्यात, मग दोन दिवस, मग वर सांगितलेल्या शिस्तीत दहा पाने. शंभर विद्यार्थ्यांतून एखादे चांगले पुस्तक निघेल न निघेल; शंभर जणांच्या ओळी मात्र तीनाच्या तीस होतील. मराठीच्या सीमाभागाविषयी आपण सभांतून जे बोलतो त्याला थोडे डोळस ज्ञान लाभेल, हा वरचा लाभ.

आणखी एक कारण आहे, ते आमच्या घराजवळचे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून समुद्रावरचा अटल सेतू सुरू झाला. बंदराच्या जमिनींचे काय करायचे याचे आराखडे वर्षानुवर्षे तयार होत आहेत, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिलेच आहेत. यापुढे कॉटन ग्रीन हे बहुतेकांसाठी पुलाकडे जाताना लागणारे एक नाव असेल. कोणीतरी चार मित्र एखाद्या शनिवारी इथे उतरतील. त्यांच्याजवळ आमच्याविषयी दोन-तीन ओळी असतील: एक संप, एक गणपती, एक हिरव्या रंगाबद्दलचा गैरसमज. ते अभ्यासक नसतील आणि त्यांनी अभ्यासक असावे असा हट्ट आम्ही धरू शकत नाही. त्यांनी गोदामांच्या भिंती नीट पाहाव्यात, चहावाल्याला कापूस अजून येतो का ते विचारावे, त्याने सांगितले ते त्याच्या नावावर लिहावे आणि आम्हाला एका वाक्यात संपवू नये, एवढी अपेक्षा करता येईल. ताप्ती मिलच्या फाटकासमोर बसलेल्या काकांची आमच्याकडून याहून वेगळी अपेक्षा असेल असे आम्हाला वाटत नाही.